धुराड्याचं झाकण

ताई : थांब. ते परत वाच.

चिऊ : कुठलं?

ताई : कुठलं काय विचारतेस? आत्ता वाचलंस ते. थोरलीचं.

चिऊ : "वारा सुटला तेव्हा बेकरीवाल्याची थोरली मुलगी दारात उभी राहून आभाळ बघत होती. त्या नादात धुराड्याचं झाकण ओढायचं ती विसरली. भर दुपारी काळोख झाला. पाऊस धुराड्यातून थेट आत कोसळला आणि पिढ्यान्‌पिढ्या तापलेली भट्टी एका क्षणात तडकली."

ताई : ही थोरली मुलगी म्हणजे कोण?

चिऊ : ताई, कथा आहे ही. कथेतली थोरली.

ताई : असं होय. बेकरी आपल्या बाबांची. उबदार भिंतीला पाठ टेकून पाढे म्हणणारी धाकटी म्हणजे तू. पिठाने खोकणारा मुलगा म्हणजे आपला बाळ. आणि थोरली तेवढी परक्या घरातून आणलीस?

चिऊ : चहा गार होतोय तुझा.

ताई : होऊ दे. मी आभाळ बघत होते? मी? पिठाची पोती आत ओढून ओढून माझ्या खांद्याची सालं निघाली होती त्या दिवशी. आभाळ बघायला मला वेळ कधी होता गं? ते तुझं काम. तूच बसायचीस खिडकीत ढगांचे हत्ती करत.

चिऊ : बरं, आभाळ काढून टाकते.

ताई : आणि झाकण?

चिऊ : झाकण राहू दे.

ताई : का?

चिऊ : कारण ते काढलं तर पाऊस आत येत नाही.

ताई : आलाच नव्हता! झाकण मी ओढलं होतं. ह्या हाताने. साखळी गंजलेली होती, ओढताना तळहात फाटला. हा बघ, अजून आहे वण. पाऊस काय, चिमणीचं पिल्लूसुद्धा आत आलं नसतं.

चिऊ : तू ओढलंस हे मला कुठे ठाऊक नाही?

ताई : काय म्हणालीस?

चिऊ : ठाऊक आहे म्हटलं. पण कथेला ते चालत नाही. नुसतं वादळ आलं, छप्पर उडालं, ह्यात वाचणाऱ्याला काय? ती बातमी झाली. वादळ आणि माणूस समोरासमोर उभे करायचे तर माणसाकडून काहीतरी निसटायला हवं. एक लहानशी चूक. मी शिकवते ना वर्गात, संघर्षाचे प्रकार असतात. माणूस आणि निसर्ग, माणूस आणि माणूस...

ताई : तुझा वर्ग घाल चुलीत. दर बुधवारी चार रिकामटेकड्या बायका खुर्च्या ओढून बसतात आणि तू त्यांना भांडणं शिकवतेस. लग्न झालेल्या बायकांना भांडण शिकवावं लागतं का?

चिऊ : टिंगल करू नकोस.

ताई : टिंगल तू केलीस. संध्याकाळी वाचनालयात ही कथा वाचणार, जुनी अर्धी गल्ली पुढच्या रांगेत बसणार. सगळी आपली गिऱ्हाइकं. ती काय म्हणतील? "अगं बाई, म्हणजे हिच्या वेंधळेपणाने बेकरी गेली होय! इतकी वर्षं बोलली नाही हो." चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर तुला टाळ्या.

चिऊ : चोर म्हणू नकोस बाबांना.

ताई : मी बाबांचं नाव घेतलं का? घेतलं का मी? तू घेतलंस. म्हणजे तू बघितलं होतंस.

चिऊ : मी लहान होते.

ताई : लहान होतीस, आंधळी नव्हतीस. मधल्या दारात उभी होतीस. मी वळले तर तू, हातात ती मान तुटलेली बाहुली. काय बघितलंस?

चिऊ : वाफ.

ताई : आणि?

चिऊ : पांढरी वाफ. पार छतापर्यंत. आणि तो आवाज. सूंऽऽ करून, मग आतून काहीतरी कडकड तुटल्यासारखा.

ताई : आणि वाफेत कोण होतं?

चिऊ : ताई, पुरे.

ताई : पुरे नाही. कोणाच्या हातात बादली होती?

चिऊ : बाबांच्या.

ताई : हां. वादळ छप्पर घेऊन गेलं, कबूल. कोठीतलं पीठ भिजवलं, कबूल. पण भट्टीला त्याने नख लावलं नाही. भट्टी बाबांनी फोडली. तापलेल्या विटेवर गार पाणी ओतायचं नाही, हे आपल्याला धड चालता येण्याआधी शिकवलं होतं. ज्यांनी शिकवलं त्यांनीच ओतलं. एक बादली नाही, पिंप रिकामं होईपर्यंत.

चिऊ : मला त्यांच्या हातात बादली देववत नाही गं. मी कितीदा लिहून बघितलं. त्यांचे ते हात. पहाटे माझ्यासाठी कणकेचा ससा करून भाजायचे. डोळ्यांना दोन लवंगा. त्या हातात बादली लिहिली की पेन थांबतं.

ताई : म्हणून माझ्या माथी मारलीस. माझ्यावर लिहिताना नाही थांबलं पेन?

चिऊ : तू... तू सोसशील असं वाटलं.

ताई : सगळ्यांना तेच वाटतं! आईला वाटायचं, बाबांना वाटायचं. थोरली आहे, सोसेल. मी काय पोतं आहे? जन्मभर दुसऱ्यांच्या भट्ट्यांवर हात भाजले मी. त्यातून तुझी पुस्तकं आली, वह्या आल्या. त्याच अक्षरांनी आज मला वेंधळी ठरवलीस.

(दार ढकलून बाळ आत येतो; त्याला जिन्याने धाप लागली आहे.)

बाळ : खालपर्यंत ऐकू येतंय. शेजारी जिन्यात येऊन उभे आहेत. तिकीट लावू का?

ताई : ये, तुझीच कमी होती. तू वाचलीस हिची कथा?

बाळ : मला... परवाच वाचून दाखवली.

ताई : आणि मूग गिळून बसलास?

बाळ : मला दम लागतो ताई. भांडायला दम लागतो. चिऊ, पाणी दे.

ताई : पाणी पी आणि मग सांग. झाकण कोणी ओढलं होतं?

बाळ : तू.

ताई : भट्टी कोणी फोडली?

बाळ : बाबांनी. पण का फोडली ते तुला माहीत नाही.

ताई : मला माहीत नाही! त्याच दिवशी सकाळी मी त्यांना म्हटलं होतं, बेकरी माझ्या हातात द्या. कणीक मी मळते, भट्टी मी लावते, हिशेबी गिऱ्हाइकाशी मी भांडते. नाव तेवढं माझं लावा. काय म्हणाले माहितीये? "मुलगा घरात असताना मुलीला गादीवर बसवलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील." मी म्हटलं, घालू देत, तोंड धुता येतं. त्यावर तव्यावरून उतरल्यासारखे लाल झाले. आणि दुपारी वादळाचं निमित्त साधलं. मला द्यायची वेळच येऊ नये म्हणून भट्टीच ठेवली नाही.

बाळ : तसं नव्हतं.

ताई : मग कसं होतं? बोल ना. आता दम लागला?

बाळ : त्याच आठवड्यात मला दवाखान्यातून घरी आणलं होतं. आठवतंय? डॉक्टर बाबांना म्हणाले, हा पिठात राहिला तर हा राहणार नाही. मी पडद्यामागे होतो, ऐकलं सगळं. बाबा घरी येऊन कोणाला बोलले नाहीत. आईलासुद्धा नाही. भट्टी चालू राहिली असती तर काकांनी, आजोबांनी, सगळ्यांनी मला तिथे उभं केलं असतं. मुलगा ना मी! बाबांना त्यांच्यापुढे नाही म्हणता आलं नसतं. ते कधी कोणाला नाही म्हणाले? म्हणून भट्टी विझवली. माझ्यासाठी विझवली ताई. मी जगावं म्हणून.

चिऊ : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

बाळ : तू वादळ लिहीत होतीस. बरं चाललं होतं तुझं.

ताई : तुझ्यासाठी.

बाळ : हो.

ताई : तू जगावंस म्हणून.

बाळ : हो ताई.

ताई : मग मला द्यायची होती! अरे, मुलगा पिठाने गुदमरतो, ठीक आहे. त्याला बाजूला काढा. पण शेजारी दोन धडधाकट हात उभे होते, ते दिसले नाहीत? एकाला पेलत नाही आणि दुसरीला द्यायची नाही, म्हणून फोडूनच टाकायची? हे तुझ्यावरचं प्रेम, मान्य. माझ्या वाट्याला काय आलं त्यातलं?

बाळ : ह्याला उत्तर नाही माझ्याकडे.

ताई : कोणाकडेच नव्हतं. म्हणून तर तुम्ही सगळे मला बघून गप्प व्हायचात. चिऊ, लिही तुझ्या त्या फळ्यावर. माणूस आणि वादळ. बाप आणि लेक. माणूस आणि चार लोक. आणि आपला आपल्याशीच तो कसला तुझा प्रकार. बाबांनी सगळे प्रकार एका पिंपात बसवले. आणि तुला मिळालं काय, तर झाकण!

चिऊ : ओरडू नकोस, तुझा रक्तदाब...

ताई : रक्तदाबाला काय धाड भरलीये? तो माझ्या बाजूने आहे.

बाळ : ताई, खरंच बस. खुर्ची घे.

ताई : नाही बसत. हिने आधी सांगावं, संध्याकाळी काय वाचणार.

चिऊ : मी आजारी आहे म्हणून कळवते. वाचतच नाही.

ताई : वा! म्हणजे आज नाही तर पुढच्या महिन्यात, मी इथून गेल्यावर. तेव्हा तर कोणी थांब म्हणणारं नसेल. ते नाही चालायचं. आज वाचायचं. माझ्यादेखत.

चिऊ : झाकणाचं वाक्य काढलं तर कथाच उभी राहत नाही ताई. भट्टी तडकते कशाने, ते कोणाला कळणार?

ताई : मग तडकवणाऱ्याला उभं कर.

बाळ : चिऊ, ती बरोबर बोलतेय.

चिऊ : आता तू पण! परवा "छान जमलीये" म्हणालास.

बाळ : छानच होती. मला बरी वाटली, कारण तिच्यात भट्टी माझ्यापायी गेली नव्हती. वादळ आलं आणि संपलं. मी परवा खूप शांत झोपलो. पण शांत झोप मिळावी म्हणून हिला वेंधळी करायचं, हे काही खरं नाही.

चिऊ : गल्लीतले लोक बाबांना देव मानतात रे.

ताई : मानू देत. मीही मानते, रविवार सोडून. ज्याला हात जोडले त्या माणसाने चूक केली तरी जोडलेले हात सुटत नाहीत गं. तू एवढी शिकलीस, एवढंही नाही कळत?

(चिऊ खाली मान घालून कागद चाचपते.)

ताई : आता रडू नकोस. रडलीस की मला दयाच करावी लागते, आणि आज मला ती करायची नाही.

चिऊ : रडत नाहीये. पेन शोधतेय.

बाळ : कानावर आहे तुझ्या.

चिऊ : हे बघ, खोडलं. आभाळ खोडलं, झाकण खोडलं. बाबांच्या हातात बादली देते. दिली. झालं? पण ह्याच्या पुढचं मला ठाऊक नाही. वाफ बघितली आणि आईने मला मागच्या खोलीत ओढून नेलं. पुढे काय झालं ते तू सांग. सांगशील तसं लिहिते, एक शब्द माझा घालत नाही.

ताई : पुढे काय व्हायचंय? उजाडलं. रोजच्यासारखी गिऱ्हाइकं दारात आली, पिशव्या घेऊन. कोणाला काही ठाऊक नव्हतं. आई उठेना. हा तापात. बाबा भट्टीसमोर बसलेले, काल बसले तसेच. बाहेर कोणीतरी जायला हवं होतं.

बाळ : तू गेलीस.

ताई : आणखी कोण जाणार? दारात उभी राहिले. सगळे विचारायला लागले, आज धूर का नाही, वास का नाही.

चिऊ : काय सांगितलंस?

ताई : सांगितलं, वादळात भट्टी गेली.

चिऊ : तू सांगितलंस?

ताई : मग काय सांगू? आमच्या बापाने फोडली, उद्यापासून दुसरीकडे बघा?

चिऊ : म्हणजे गल्लीत सगळे सांगायचे ते वादळ, आई सांगायची ते वादळ, मी लिहिलं ते...

ताई : माझंच. कबूल आहे. पण मी त्यात कोणाला विसराळू केलं नव्हतं. नुसतं वादळ म्हटलं. लोक हळहळले, पिशव्या घडी करून निघून गेले. त्यांना तेवढं पुरलं.

चिऊ : आणि बाबा? त्यांनी ऐकलं?

ताई : ऐकलं. कधी उठून आले कळलं नाही, दाराआड माझ्या मागेच उभे होते. मला वाटलं, आता पुढे होतील. म्हणतील, पोरगी उगाच बोलतेय, मी केलं हे. मी वाट बघितली. शेवटचा माणूस कोपऱ्यावर वळेपर्यंत बघितली.

बाळ : नाही बोलले.

ताई : बोलले ना.

चिऊ : काय?

ताई : हे लिहिणार आहेस?

चिऊ : तू लिही म्हणालीस तर.

ताई : लिही. माझ्या हातचा पाव कसाही फुगला तरी ते म्हणायचे, पीठ चांगलं होतं. मला कधी बरं म्हणाले नाहीत. त्या दिवशी म्हणाले.

बाळ : काय म्हणाले ताई?

ताई : "छान सांगितलंस."