बॅग इथेच ठेवायची

सेक्रेटरी : लॉकर कुठून आणू, ताई? खुर्च्याच चार आहेत आमच्याकडे. त्यातल्या एकीवर तुम्ही बसलात, तेव्हा जरा डावीकडे रेलू नका. आमचे मेंबर आपापली बॅग गाडीत टाकतात आणि घरी नेतात.

मुलगी : एकही नाही? जुनं कपाट असलं तरी चालेल. कुलूप मी आणते.

सेक्रेटरी : अकरा वर्षं मी ह्या गोल्फ कोर्सचा सेक्रेटरी आहे. नवा माणूस आला की विचारतो, होल नऊच का, गवत एवढं पिवळं का, चहा मिळतो का. लॉकरवरून कुणी असं अडून बसलं नव्हतं. आणि खेळणार तर तुमचे वडील.

मुलगी : हो. ते आता कुठवर आले असतील?

सेक्रेटरी : सातव्या होलवर. मी ज्यांच्याबरोबर पाठवलं ते आमचे मेंबर जरा बोलके आहेत. अर्धा तास धरा.

मुलगी : मग अर्ध्या तासात मला तुमच्याशी बोलून संपवायचंय. माझी इथे बदली झाली त्याला तीन आठवडे झाले. इंजिनांच्या कारखान्यात वेल्डिंग तपासते मी. वरून जोड गुळगुळीत दिसतो, आत चीर राहिलीय का ते यंत्र लावून बघायचं. आल्यापासून प्रत्येक सुट्टीला कोर्स शोधत फिरतेय. पहिला नदीकाठचा. तिथली प्रवेश फी म्हणजे माझा वर्षाचा पगार. दुसरा विमानतळामागचा. तिथे लॉकर आहेत, पण आज नाव दिलं तर सहा वर्षांनी नंबर लागतो. मग तुमचा. तुमचाच काय तो परवडतो.

सेक्रेटरी : परवडतो म्हणूनच तर लॉकर नाहीत. वीटभट्टीची जमीन होती ही. आम्ही बंकर खणले नाहीत, खड्डे आयतेच मिळाले, त्यात वाळू टाकली. पण तुम्ही काळजी करू नका. वडिलांच्या जुन्या क्लबचं पत्र वाचलंय मी. ‘बावीस वर्षांत एकही तक्रार नाही. मैदानावर त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही.’ असा माणूस आम्हाला दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही.

मुलगी : पत्रात लिहिलंय ते खरं आहे. मैदानावर ते तसेच असतात.

सेक्रेटरी : मग अडलंय कुठे?

मुलगी : घरात मला चौदा लोखंडी स्टिका नकोत.

सेक्रेटरी : म्हणजे?

मुलगी : त्यातल्या सात नंबरच्या आयर्नने त्यांनी दादाचा कोपर फोडला. दादाचा हात अजून सरळ होत नाही, शर्ट घालताना वहिनी मदत करते. त्याच आयर्नने आईच्या दोन बरगड्या गेल्या. माझं इथलं, गळ्याजवळचं हाड पटरने मोडलंय. पटर दिसायला नाजूक असतो, पण डोकं जड असतं त्याचं.

सेक्रेटरी : अहो, काय सांगताय काय?

मुलगी : आधी नुसता हात होता. जुन्या क्लबात लॉकर होता तोवर बॅग तिथेच राहायची आणि घरी थपडा, बुक्के, फार तर पट्टा. निवृत्त झाल्यावर त्यांनी कमी वर्गणीची मेंबरशिप घेतली, तिला लॉकर नव्हता. बॅग घरी आली, दाराआड उभी राहिली. आमटीत मीठ जास्त पडलं की हात आपोआप तिकडे जायला लागला.

सेक्रेटरी : पोलिसांत नाही गेलात?

मुलगी : गेले होते. दोनदा. पोलीस घरी आले की आई म्हणायची, जिन्यावरून पडले. शेजारी म्हणायचे, एवढा सभ्य माणूस, मान खाली घालून जातो. कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. दारं लावून चालायचं सगळं.

सेक्रेटरी : तरी तुम्ही त्यांना इथे बरोबर घेऊन आलात? मला माफ करा, पण मी असतो तर दहा गावं लांब पळालो असतो.

मुलगी : मी पळूनच आलेय. त्यांना घेऊन. ही बदली मी मागून घेतली. आई घर सोडायला तयार नाही, म्हणून म्हटलं ह्यांनाच तिच्यापासून लांब नेऊ. मी सांगितलं, बाबा, मला एकटीला नव्या गावात भीती वाटते, चला माझ्याबरोबर, तिथे कोर्स शोधून देते. कोर्स म्हटल्यावर तयार झाले.

सेक्रेटरी : आणि नाही मिळाला तर?

मुलगी : होम कोर्स नसला की त्यांचा हँडिकॅप मोडीत निघतो. बावीस वर्षं जपलेला आकडा आहे तो, त्यांचा खेळ किती चांगला ते सांगणारा. तो गेला की ते जगात कुणीच नाहीत, असं त्यांना वाटतं. त्यांनी सांगूनच टाकलंय, महिनाअखेरपर्यंत कोर्स मिळाला नाही तर मी घरी परत जातो. आज सत्तावीस तारीख. घरी म्हणजे आईकडे. मला चांगला कोर्स नकोय हो. मला असा कोर्स हवाय, जिथे ते रोज येतील आणि रिकाम्या हातांनी परत जातील. हातांचं मी बघून घेईन. हातांची मला सवय आहे.

सेक्रेटरी : असं बोलू नका. माझी मुलगी तुमच्याच वयाची आहे. थांबा, मला विचार करू द्या. मागे शेड आहे, गवत कापायचं यंत्र असतं त्यात. पत्र्याची आहे, पण दार मजबूत. तिथे एक लोखंडी पेटी ठेवू. मी म्हणेन, नवा नियम आहे.

मुलगी : सगळ्यांसाठी म्हणा. नाहीतर ते ओळखतील.

सेक्रेटरी : सगळ्यांसाठी. आजपासून.

मुलगी : आणि मी काही बोलले हे त्यांच्या कानावर जाता कामा नये. माझं नावही घेऊ नका. तुम्ही बोलके आहात, म्हणून सांगते.

सेक्रेटरी : अहो, माझ्या पोटातलं ओठावर येत नाही. बायकोला विचारा, ती तर म्हणते— आले वाटतं. लवकर आले. तुम्ही पाणी प्या, चेहरा उतरलाय तुमचा.

वडील : नमस्कार. आत येऊ ना? बुटांना माती आहे, पायपुसण्यावर झटकली आहे. तरी आपण सांगाल तर बाहेर काढून येतो.

सेक्रेटरी : या या, साहेब. इथे मातीचंच राज्य आहे. कसा वाटला कोर्स?

वडील : प्रामाणिक कोर्स आहे. गवत फसवत नाही. नऊ होलला सेहेचाळीस फटके झाले. खरं तर पंचेचाळीस, पण पाचव्या होलवर मी स्टिक टेकवली आणि बॉल किंचित हलला. एक दंड लावून घेतला.

सेक्रेटरी : बरोबरच्या मेंबरांनी पाहिलं?

वडील : नाही. त्यांची पाठ होती. मी पाहिलं ना.

सेक्रेटरी : काय बोलावं. आमच्याकडे लोक झुडपात हरवलेला बॉल खिशातून काढतात.

वडील : स्वतःचा स्कोअर स्वतःच लिहायचा असतो ह्या खेळात. तिथे खोटं लिहिलं तर खेळण्यात अर्थ काय? बाळ, तू फॉर्म भरलास का? पेन दे, सही करतो. इथेच खेळायचं ठरलं.

मुलगी : भरलाय, बाबा. खाली सही करा.

सेक्रेटरी : एक छोटीशी गोष्ट आहे, साहेब. बॅग घरी न्यायची नाही. मागच्या शेडमध्ये पेटी आहे, तिथेच ठेवायची. नवा नियम.

वडील : असं? बाहेरच्या फलकावर तर लिहिलंय, आपापली बॅग आपण न्यावी.

सेक्रेटरी : तो फलक जुना. बदलायचाय. आपल्याला ओझं वाहायला नको, एवढाच हेतू. पैसे वगैरे काही नाहीत त्याचे, कुलूपसुद्धा ताईच आणणारेत.

वडील : कुलूप.

सेक्रेटरी : म्हणजे, मी म्हटलं, कुणीतरी आणावं.

वडील : मी मैदानात होतो तेव्हा हिने आपल्याशी कुलपाची बोलणी केली. नवा नियम मला आत्ता कळतोय आणि हिला कुलूप आणायचं आधीच ठाऊक आहे. काय सांगितलंस तू ह्यांना?

मुलगी : काही नाही, बाबा. चला, सही करा आणि जाऊ.

वडील : माझ्याकडे बघून सांग.

मुलगी : काही नाही सांगितलं.

सेक्रेटरी : साहेब, चूक माझी. माझीच जीभ लांब आहे. ताई बिचाऱ्या लॉकरचं विचारत होत्या, बाकी काही नाही. बसा, चहा मागवतो.

वडील : आपण मध्ये बोलू नका. माझ्या मुलीशी बोलतोय मी. बावीस वर्षांत माझ्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला नाही, आणि तू परक्या माणसासमोर मला चोर ठरवलंस? माझ्या स्टिका कुलपात?

मुलगी : बाबा, आवाज खाली.

वडील : माझा आवाज खालीच आहे.

सेक्रेटरी : साहेब, ती स्टिक बॅगेतून कशाला बाहेर काढता? खोली लहान आहे. साहेब, टेबलावर काच आहे. ताई, मागे व्हा. मागे व्हा म्हणतो ना!

(टेबलाची काच फुटते. लगेच दुसरा घाव, ह्या वेळी काचेवर नाही.)

सेक्रेटरी : माळीदादा, आत या! दोघे या, फावडं टाका तिथेच! धरा त्यांना. हात धरा, हात. स्टिक काढून घ्या. पायाने मारतायत, बघा. बसवा खुर्चीत. तसेच धरून ठेवा. तुमच्या कपाळातून रक्त येतंय, माळीदादा, काच लागली वाटतं. रुमाल घ्या. ताई? ताई, बोला काहीतरी.

मुलगी : डावा हात. मनगटाच्या वर चार बोटं. हलवला की आत घासतंय, म्हणजे मोडलाय. हलवत नाही.

सेक्रेटरी : रुग्णवाहिका बोलावतो. आणि पोलीस. दोन्ही बोलावतो.

वडील : पोलीस कशाला? माझ्या तळहाताला घाम होता. स्टिक निसटली. असं होतं, आपणही खेळता. घरातल्या माणसांत थोडी शब्दाशब्दी झाली, मिटेल.

सेक्रेटरी : हे घर नाही, साहेब. हे माझं ऑफिस आहे, आणि मी इथे डोळे उघडे ठेवून उभा होतो. हॅलो. हो, नऊ होलचा कोर्स, जुन्या वीटभट्टीजवळ. एका बाईंचा हात मोडलाय. त्यांच्या वडिलांनी मोडला. हो, मी पाहिलं. मी, आणि दोन माळी धावत आले तेव्हा त्यांनीही स्टिक त्यांच्या हातात पाहिली. या लवकर.

वडील : आपण चुकीचं सांगितलंत. निसटली म्हणून सांगायला हवं होतं.

सेक्रेटरी : ताई, मला माफ करा. तुम्ही दहा वेळा बजावलं आणि मी मूर्खासारखा कुलपाचं बोलून बसलो. माझ्या बोलण्याने तुमचा हात गेला.

मुलगी : हात आज ना उद्या गेलाच असता. आजवर कुणा परक्यासमोर गेला नव्हता.

वडील : निसटली. तसं लिहा.

सेक्रेटरी : दहा मिनिटांपूर्वी तुम्ही ह्याच खुर्चीशेजारी उभे होतात, साहेब. कुणी पाहिलं नाही असा दंड स्वतःवर लावून घेतलात. मला तुमचा अभिमान वाटला होता. आता मी हा फॉर्म उलटा करतो आणि मागे झालं ते लिहितो. तुम्हीच सांगा, काय लिहू? स्टिक निसटली?

वडील : पेन खाली ठेवा.

सेक्रेटरी : नाही ठेवत. निसटली?

वडील : नाही.

सेक्रेटरी : मग?

वडील : निसटली नाही. माझ्या हातून बावीस वर्षांत स्टिक निसटलेली नाही. पहिला घाव काचेवर, तो रागाचा. दुसरा हिच्यावर. नेम डोक्यावर धरला होता. हिने हात मध्ये घातला, म्हणून हातावर बसला.

मुलगी : डोक्यावर, बाबा?

वडील : विचारलं म्हणून सांगितलं. खोटं कशाला सांगू?

सेक्रेटरी : सही कराल ह्याखाली?

वडील : वाचून दाखवा आधी. हो, बरोबर आहे. उजवा हात सोडायला सांगा ह्यांना, सही करतो.

सेक्रेटरी : सोडू नका, माळीदादा. पोलीस येऊ देत, त्यांच्यासमोर करतील. ताई, उठू नका, घेरी येईल. काय हवंय? पाणी?

मुलगी : फोन. माझा फोन पर्समध्ये आहे, उजव्या कप्प्यात. एका हाताने निघत नाहीये. आईचं नाव पहिलंच आहे, तेवढं लावून कानाशी धराल?

सेक्रेटरी : लावला. वाजतोय.

मुलगी : आई, मी बोलतेय. नाही, रडत नाहीये, दम लागलाय जरा. ऐक, ते येणार नाहीत आता. ह्या महिन्यात नाहीत, पुढच्याही नाहीत. हो, नक्की. पोलीस यायला निघालेत, आणि ह्या वेळी पाहणारं माणूस आहे. ते परत येतील म्हणून दाराला टेकवून ठेवलेलं कपाट आता सरकवलंस तरी चालेल. आत्ता नको गं, एकटीने नको ओढूस. वहिनी येईपर्यंत थांब.