गार्गी एमआरटीने आली

सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या गॅरेजमध्ये माझ्या शेजारच्या बाकावर एक मराठी जोडपं बसलं होतं. समोर त्यांची जुनी निळी गाडी वर उचलून ठेवली होती.

"अभय, तो मेकॅनिक अंकल एवढा का चिडला?"

"मी घरी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले, पण मास्टर सिलेंडर जुनाच ठेवला. डिस्कला जास्त ब्रेक ऑइल लागतं. तेवढं तो ढकलू शकत नाही."

"म्हणजे काय होतं?"

"पेडल खालपर्यंत जातं. दोन-तीनदा दाबलं की थांबते गाडी."

"मग बदलला का नाहीस?"

"ओरिजिनल होता गं. जुन्या गाड्यांच्या क्लबमधले लोक बॉनेट उघडून बघतात."

"आणि ह्याच गाडीतून तू मंडळाचा गणपती नेलास?"

"हळू चालवली मी."

"मागे मंडळातल्या क्षिप्राची दोन्ही मुलं होती, अभय!"

"काही झालं नाही ना पण?"

"तुला तेव्हा हे माहीत नव्हतं, असं तरी म्हण."

"बिल किती होईल, विचारून येऊ का?"

"बाई गं! आपली गार्गीपण होती त्यात."

"गार्गी नव्हती."

"नव्हती कशी? नऊवारी नेसवून मीच बसवलं तिला."

"नंतर मी उतरवलं. म्हटलं, आजीबरोबर एमआरटीने जा, ट्रेन रिकामी असेल."

"का?"

"निशी, जाऊ दे ना."

"तिला एकटीलाच का उतरवलंस?"

"हळू बोल. शेजारचे मराठी वाटतायत."

"वाटू देत. आधी क्षिप्राला फोन लाव."