मी छाटलेली संत्री

हसा, हसा! मी मास्तर माणूस, मले बागेतलं काय समजते? ब्याऐंशीत सौंसरले संत्र्याची शंभर कलमं लावली. प्रत्येकाच्या बुडातून काटेरी, तरतरीत फांद्या फुटल्या; वरची फांदी मात्र मरतुकडी. म्हटलं, ही फुकटचं खाऊन राहिली! वरच्या साऱ्या छाटून टाकल्या.

चार वर्षांनी पहिलं फळ खायले सारे मास्तर बोलावले. हेडमास्तरांनी फोड तोंडात टाकली अन् त्यांचा एक डोळा मिटला, तो उघडेचना!

आमचा चपराशी बागवानाच्या घरचा. त्यानं खोड पाहिलं. "गुरुजी, संत्र्याचं कलम जंबेरीच्या, म्हंजे रानलिंबाच्या खुंटावर बांधतात; बुडातली फांदी त्या आंबट जंबेरीची असते. संत्रं वरच्या फांदीले येते. तुम्ही तेच कापलं!"

डोळा पुसत हेडमास्तर म्हणाले, "गुरुजी, वर्गातबी पोरं असेच निवडता काय?"