शिवकन्याचे टायर

“टायर पार गुळगुळीत झालेत, लेकराला घेऊन जाऊ नकोस,” असं सासऱ्यांनी बजावलं होतं. सुमंगलानं ते हसण्यावारी नेलं, आणि जिंतूर रोडवर गाडी घसरता घसरता वाचली. म्हणून आज ती बाळाला मांडीवर घेऊन टायरच्या दुकानात बसली होती. शेजारच्या बाकावर झरी गावचं एक म्हातारं जोडपं लेकीच्या गाडीच्या टायरवरून भांडत होतं.

“जुन्यावर रबर चढवलेले घेऊ. जुन्या गाडीला तेवढं बास हाय.”

“गाडी जुनी हाय, लेक न्हाई. नवेच घ्या.”

“अगं कस्तुरा, दिवाळीला तिला साडी बी घ्यायची हाय की.”

“औंदा साडी नको. हे चार टायरच माहेरचा आहेर.”

“टायरनं ओटी भरतीस व्हय? जावई हसतील.”

“ते कशाला हसत्यात? गाडी आपली शिवकन्या चालवती, ते बाजूला बसत्यात.”

“ते बी खरंय म्हना.”

“वालूरच्या दवाखान्यातली ड्युटी करून रातच्याला एकटी येती पोरगी. गावात हाय का दुसरी कुनाची लेक अशी गाडी चालवनारी?”

“न्हाई. आपलीच हाय.”

“मंग?”

“घे बाई, नवेच घे. अन् हे काय करायलीस?”

“कुंकू लावायले. लेकीला कोरे कसे द्यायचे?”

“थांब, त्या चौथ्याला मी लावतो.”

सुमंगलानंही नवेच टायर सांगितले. आणि वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरचं कुणी आज एकटं गाडी घेऊन निघालं असेल, तर सुखरूप पोचलं का, एवढं विचारून घ्याल ना?