पांढऱ्या गोट्या दोन

...आणि वर मलाच टाळ्या! हसा, हसा, तुमचं काय जातंय! पण तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी फक्त गप्प बसायचं होतं. बसलो का? छे!

त्याचं काय झालं, आमचा गोरा साहेब स्वराज्यानंतर चार वर्षं कशीबशी काढून कंपनी विकून विलायतेला गेला, आणि कलकत्त्याच्या एस्प्लनेडवरचे आम्ही सात कारकून घरी! तीन महिने बागबाजारात माश्या मारल्या. मग गार्डन रीचला एका गोदामात स्टोअरकीपरची जागा निघाली, पण तिथला शेठ म्हणतो, "दीडशे रुपया अनामत, सोमवार शामतक. नहीं तो दूसरा आदमी तैयार है." दीडशे! बायकोच्या, नलिनीच्या, पाटल्या तर कधीच गेलेल्या. तेव्हा आठवलं, अहो, आपण फ्रीमेसनांच्या लॉजचे सभासद, एकमेकांचे शपथेचे बंधू! बारा वर्षं वर्गणी भरली, दर बैठकीला मखमली पिशवी फिरते तिच्यात झाकल्या मुठीने दान टाकलं, ते कशासाठी? अडलेल्या बंधूसाठी! मग आता अडलेला बंधू मीच की!

लॉजचे सेक्रेटरी श्यामराव, रेल्वेतले, जुने कलकत्तेकर. त्यांच्याकडे अर्ज दिला. म्हणाले, "नाव माझ्यापाशीच राहील, तशी शपथच आहे आमची. पण नाव फुटलं की अर्ज रद्द, हा नियम. तेव्हा बैठकीला या, आणि कृपा करून गप्प बसा."

शनिवारी संध्याकाळी बैठक. बावीस बंधू, कमरेला एप्रन, हातात पांढरे मोजे. श्यामरावांनी वाचलं, "एक बंधू अडचणीत आहे, दीडशे रुपये मागतो." झालं! शेजारी बसलेले घोषालबाबू, तागाचे दलाल, माझ्या कानाशी लागले, "आरे मोशाय, ये है कौन?" म्हटलं, मला काय ठाऊक! तर हा गृहस्थ एकेकाचे बूट बघायला लागला हो! बूट फाटका तो अर्जदार! पहिली रांग झाली, दुसरी झाली... माझ्या डाव्या बुटाच्या तळाला पुठ्ठा होता, पुठ्ठा! मी पाय खुर्चीखाली घेतला, तर ते वाकले! घाम फुटला मला. आता नाव फुटणार, दीडशे जाणार, नोकरी जाणार... अशा वेळी शहाण्या माणसाने गप्प बसावं. बसलो का? छे! ताडकन उभा राहिलो!

"अध्यक्षमहाराज, माझा विरोध आहे!" म्हटलं, विरोध करणाऱ्यावर कोण संशय घेणार? "कोण हा बंधू? धडधाकट असेल तर काम का करत नाही?" "हियर, हियर!" घोषालबाबू. तिथे थांबावं ना? पण एवढी दाद मला जन्मात मिळाली नव्हती हो! "आज याला दिले तर उद्या रांग लागेल! गेल्या वार्षिक भोजनाला माणशी दीड कटलेट आलं, दीड! हा चौकड्यांचा गालिचा बघा, मधोमध भोक! बंधुभाव काय भोकावर उभा राहून करायचा?" समोर श्यामराव, हातात टाक, तोंड अर्धवट उघडं, शपथेने बांधलेले. डोळ्यांनी विनवत होते, बसा हो, बसा! बसलो का? छे! "माझ्या सख्ख्या भावाने मागितले तरी मी देणार नाही," असंही ठोकून दिलं!

मग मतदान. पेटीत गोटी टाकायची, पांढरी म्हणजे द्या, काळी म्हणजे नको. मी मोज्यात लपवून पांढरी टाकली. पेटी उघडेपर्यंत जीव टांगणीला! वीस काळ्या. दोन पांढऱ्या. एक माझी. दुसरी कुणाची, ते श्यामरावांकडे न बघताच कळलं मला, आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. घोषालबाबूंनी माझ्या मांडीवर थाप मारली, "एक तो वो खुद होगा! और दूसरा उसका दोस्त!" सगळं लॉज खो खो हसलं. मीही हसलो. न हसून सांगतो कुणाला?

बरं, इथे तरी संपावं? अध्यक्ष उठले, "पैशाची इतकी कळकळ असलेला बंधू आपल्यात आहे, आणि खजिनदाराची जागा रिकामी!" टाळ्या! दीडशेचा गालिचा मंजूर, माणशी दोन कटलेटं मंजूर, आणि अठराशे रुपयांच्या पेटीची किल्ली माझ्या जानव्याला... बिनअनामत!

निघताना श्यामराव हळूच म्हणाले, "नकाराचं पत्र नियमाने खजिनदार लिहितो. मजकूर तुम्ही लिहा. पत्ता... मी घालतो." लिहिलं. अगदी गोड शब्दांत लिहिलं.

सोमवारी सकाळच्या टपालाने पत्र घरी आलं. खजिनदारकीचं मी नलिनीला सांगितलं नव्हतं. कुठल्या तोंडाने सांगणार? ती दारातच उभी, "काय म्हणतात हो?"

"सहानुभूती आहे म्हणतात."

"अहो, मग पत्रावर काय सोडता? संध्याकाळपर्यंत वेळ आहे. त्या खजिनदाराला समक्ष भेटा, हवं तर पाया पडा. त्यालाही बायको असेलच की!"

म्हटलं, भेटलोय गं. माणूस फार कडक आहे.