रिकामी खेप

हसू नका राव, पण माझ्या वर्षभराच्या कामाची माती आमच्या काकांनी एका प्रश्नात केली.

मी त्या लढाईच्या गेमचा स्पीडरन बसवत होतो ना, तो हातानं खेळत न्हाईत. कोणत्या सैनिकानं कधी कुठं जायचं, ते एकेक बटण टूलमध्ये आधीच भरून ठेवायचं आणि गेम कमीत कमी वेळात संपवायचा. पंचवीस लेव्हल. माझ्या तेवीस झाल्या होत्या.

काका ट्रॅक्टरनं ढोकीच्या कारखान्याला ऊस टाकतात. ते आले तेव्हा मी दुसरी लेव्हल चालवून बघत होतो. म्हणाले, "आरं, ते घोडेवालं रिकामंच का परत चाललंय? त्या पायी चाललेल्या म्हाताऱ्या सैनिकाला बसव की माघारी."

बसवून बघितलं. आख्खा एक टर्न, चालींची एक फेरीच, वाचला.

काका लई खूश. मी डोकं धरलं. "काका, वार लागणार का चुकणार, हे आधीच्या चालींवरनं ठरतंय. इथं एक चाल बदलली की पुढचं सगळं फिरतंय. आता दुसरीपासून नव्यानं करायचं!"

"मग कर की. पण रिकामी खेप मारू नगंस."

एकदा कळल्यावर तसंच ठेवताही येईना. चार महिने घासून काल कसाबसा नवव्या लेव्हलला पोचलो.

काका आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी पहिली लेव्हल बघायची राह्यलीच बघ."