शाल, श्रीफळ आणि उजवा बूट

तुम्ही हसाल, पण तेव्हापासून मी सत्काराला नारळ ठेवत नाही. सिडनीतल्या आमच्या मंडळाच्या मुलांचा फुटबॉलचा बक्षीस समारंभ होता, गिरावीन या उपनगरातल्या हॉलमध्ये. मी सेक्रेटरी. प्रमुख पाहुणा म्हणजे इटलीचा एके काळचा नावाजलेला फॉरवर्ड, आता इथेच सिडनीत, केलीव्हिलला राहणारा. मुलांच्या कोचच्या ओळखीने मिळाला होता.

शाल घातली, नारळ हातात दिला. त्याने तो जरा तोलून पाहिला आणि हातातून सोडला.

थेट उजव्या बुटावर. तिथून गुडघ्यावर, परत बुटावर. सकाळी पूजेत ठेवलेला, कुंकू लावलेला नारळ हो. पहिल्या रांगेत आमच्या साने काकू बसलेल्या, ज्या पेपरला पाय लागला तरी नमस्कार करतात.

मी धावलो. "सर, प्लीज, हा देवापुढचा आहे."

त्याने नारळ छातीवर घेऊन हातात झेलला. चेहरा पांढराफटक पडला होता. "सॉरी, मेट. आयुष्यभर कुणी काही गोलसर हातात दिलं की देणाऱ्याला हेच बघायचं असायचं," एवढं म्हणाला आणि दोन्ही हातांनी नारळ काकूंपुढे धरला.

काकूंनी तो घेतला, कपाळाला लावला. मी बोलणी खायच्या तयारीत उभा.

त्यांनी नारळ परत त्याच्या हातात ठेवला आणि मला म्हणाल्या, "डाव्या पायानेही जमतं का, विचार त्याला."